प्रीती आणि उत्कंठा : मराठी कादंबरीच्या जन्मकाळची एक अडचण

'कादंबरी' हा शब्द आपण सर्रास वापरतो. पण ते मुळात एका मुलीचे नाव आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते. सातव्या शतकात हर्षवर्धनाच्या आश्रयाला असलेल्या बाणभट्टाने संस्कृतात एक मोठी गद्यकथा रचली. तिच्या नायिकेचे नाव कादंबरी. शूद्रक राजाच्या दरबारात एक चांडाळकन्या पिंजऱ्यातला पोपट घेऊन येते, आणि तो पोपट माणसाच्या वाणीने गोष्ट सांगू लागतो, असा या कथेचा आरंभ आहे. हा पोपट कोण? हा राजा तरी खरा कोण? प्रियकर मरण पावल्यावर महाश्वेता सरोवराच्या काठी कुणाच्या भरवशावर दिवस काढते आहे? ही सगळी कोडी शेवटी सुटतात, आणि मग कळते की हे सारे एका जन्मात न मावलेल्या प्रीतीचे प्रकरण होते. कथा पुरी होण्याआधीच बाणभट्ट वारला. उरलेला भाग त्याच्या मुलाने लिहिला. पुढे इंग्रजी 'नॉव्हेल'ला मराठीत नाव द्यायची वेळ आली, तेव्हा आपल्या लोकांनी याच पुस्तकाचे नाव उचलले. म्हणजे पाहा, मराठीत या वाङ्मयप्रकाराचे बारसेच प्रेम आणि रहस्य यांच्या मांडीवर झाले.

बारसे थाटात झाले खरे. पण मूल वाढवताना पहिल्या कादंबरीकारांची मोठी अडचण झाली. तीच हकीकत आज सांगायची आहे. प्रेमाची गोष्ट आणि 'पुढे काय होणार' ही हुरहूर एका जुवाखाली कशी जुंपावी, हा प्रश्न कादंबरी लिहिणाऱ्याला आजही पडतो. आपल्याकडे त्याचे उत्तर सापडायला वीस-पंचवीस वर्षे लागली. ते कसे सापडले हे पाहिले म्हणजे त्या कलेचे मर्मही थोडेफार हाती येते.

मराठीतली पहिली कादंबरी म्हणून बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटन'चे नाव घेतात. ती १८५७ साली निघाली. विधवाविवाहाचा कायदा आदल्याच वर्षी, १८५६ साली, झालेला होता. यमुना आणि तिचा नवरा प्रवासाला निघतात आणि वाटेत जागोजागी विधवांचे हाल पाहतात. हेतू उघडच समाजसुधारणेचा. उत्कंठेला तिथे फारशी जागा नव्हती. त्यानंतर १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आली आणि १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा'. या दोन्ही कादंबऱ्यांनी वेगळा रस्ता धरला. वियोग, संकटे, दुष्टांची कारस्थाने, विलक्षण योगायोग आणि शेवटी गोड मीलन! वाचणाऱ्यांना त्या आवडल्या. पुढे कित्येक वर्षे त्यांच्यासारख्या कादंबऱ्यांची रीघ लागली.

आता मौज पाहा. रिसबुडांनी आपल्या प्रस्तावनेत स्वतःची अडचण मोकळेपणाने मांडून ठेवली आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: आपल्या हिंदू लोकांत लग्नाच्या ज्या चाली आहेत त्यांमुळे, आणि इतरही कारणांनी, आपल्या आयुष्यात मनोरंजक म्हणावे असे काही घडतच नाही. रोज अनुभवाला येणाऱ्या गोष्टी लिहिल्या तर त्यात चटकदार काही सापडायचे नाही. मग वाचकाचे मन रमवायचे तर अद्भुताकडे वळल्यावाचून गत्यंतर नाही.

हे लंगडे निमित्त म्हणून सोडून देण्याजोगे बोलणे नाही. प्रीतीची गोष्ट म्हणजे मुळात वाट पाहण्याची गोष्ट. दोघांची ओळख व्हावी, मन जडावे, मध्ये काहीतरी आडवे यावे, आणि दोघे एकत्र येतात की नाही याची वाचकाला काळजी लागावी, असा तिचा सांगाडा. विलायतेत विल्की कॉलिन्ससारखे लेखक याच सांगाड्यावर त्या काळी रहस्य चढवीत होते. त्याची 'द वुमन इन व्हाइट' ही कादंबरी १८५९-६० मध्ये साप्ताहिकातून क्रमशः आली. त्यात चित्रकला शिकवणारा एक गरीब मास्तर आपल्या शिष्येवर प्रेम करतो. पण तिचे लग्न दुसऱ्याशी ठरलेले असते, आणि त्या दुसऱ्याच्या पोटात एक गुपित दडलेले असते. आपल्याकडे मात्र मुलीचे लग्न आठव्या-दहाव्या वर्षी होऊन जाई. नवऱ्यामुलाची पसंती विचारायची पद्धत नव्हती, मग मुलीला कोण विचारतो! ओळख व्हायच्या आधीच गाठ बांधलेली. मग वाट पाहायची कुणी आणि कुणाची? रिसबुडांची तक्रार समाजस्थितीवर नेमके बोट ठेवीत होती.

पण ती पुरती खरी होती काय? गावोगावच्या कीर्तनात लागणारे नळदमयंतीचे आख्यान आठवा. ही दोघे तर नवराबायको. नळ द्यूतात राज्य हरतो, रानात दमयंतीला झोपेत टाकून जातो, कर्कोटक नागाच्या दंशाने कुरूप होतो आणि बाहुक नाव घेऊन अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे सारथी म्हणून राहतो. इकडे दमयंती विदर्भात, कुंडिनपुराला, बापाच्या घरी येते आणि नवऱ्याचा माग काढू लागते. कशी काढते, तेही पाहा. ऋतुपर्णाला निरोप पाठवते की उद्या सूर्योदयाला दमयंतीचे दुसरे स्वयंवर आहे. इतकी लांबची मजल एका दिवसात मारणारा सारथी नळाशिवाय कोण असणार? रथ येतो. मग ती दासीला बाहुकावर नजर ठेवायला सांगते, त्याच्या हातचे रांधलेले मागवून चाखते, आणि शेवटी आपली दोन्ही लेकरे त्याच्यापुढे पाठवते. लेकरांना पोटाशी धरून बाहुक रडतो.

यात दमयंती एखाद्या पोलीस अंमलदाराच्या वरताण तपास करते, बरं का! आणि मुख्य गोष्ट अशी की बाहुक म्हणजेच नळ, हे ऐकणाऱ्याला पहिल्यापासून ठाऊक असते. बुवांनी ते लपवलेलेच नसते. तरी माणसे मध्यरात्रीपर्यंत जागची हलत नाहीत. शेवट झाकून ठेवला म्हणजेच उत्कंठा टिकते, ही समजूत इथेच डळमळते. ज्याच्यावर जीव जडला त्याचे काय होते, ही काळजी माणसाला धरून ठेवते.

रिसबुडांच्या पिढीने हे ध्यानात घेतले नाही. तरी वाट शोधण्याचे काम थांबले नव्हते. रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांनी 'मोचनगड' (१८७१) ही कादंबरी शिवकालात नेऊन ठेवली. अद्भुताऐवजी इतिहास आला, राजवाड्यांऐवजी आपल्या ओळखीचा सह्याद्री आणि किल्ला आला. दुसरीकडे इंग्रजी शिकलेल्या तरुणांच्या हाती रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्या पडल्या. जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स हा लंडनचा लेखक. त्याच्या 'मिस्टरीज ऑफ लंडन'चे अंक १८४४ पासून दर आठवड्याला एका पेनीला विकले जात. गुप्त खोल्या, वेषांतरे, फसवलेल्या तरुणी आणि प्रत्येक अंकाच्या शेवटी नवा पेच! प्रतिष्ठित लोक नाक मुरडीत, पण वाचीत सगळेच.

आपल्या हरिभाऊ आपट्यांनी सुरुवात याच शाळेत केली. १८८५ सालची त्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिति' रेनॉल्ड्सच्या वळणावर बेतलेली होती. क्रमशः लिहिताना वाचकाला पुढच्या अंकापर्यंत कसे बांधून ठेवावे, हे तंत्र त्यांनी तिथून उचलले. पण ते जेथे लावले ती जागा स्वतःची होती. १८९० साली त्यांनी पुण्यात 'करमणूक' हे साप्ताहिक काढले आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी १८९३ पर्यंत चालवली. रिसबुडांच्या तक्रारीला मिळालेले खरे उत्तर ते हेच.

काय आहे या कादंबरीत? भुयार नाही, वेषांतर नाही, राजकन्या नाही. यमुना नावाची एक साधी ब्राह्मण मुलगी आपली हकीकत आपल्या तोंडाने सांगते. लहानपणीच लग्न, भरलेले सासर, सासूची बोलणी. पण तिचा नवरा रघुनाथराव शिकलेला आणि मायाळू आहे. तो तिला वाचायला शिकवतो. पुढे दोघांचे मुंबईत स्वतंत्र बिऱ्हाड होते, आणि तिथे ही दोघे हळूहळू एकमेकांची सोबती होतात. लग्न आधी झाले, प्रीती मागाहून आली! विलायती सांगाडा इथे उलटा केलेला आहे. आणि उत्कंठा? ती अशी की हे सुख टिकेल ना? सांगणारीच्या आवाजात पुढच्या दुःखाची छाया पहिल्यापासून पडलेली असते. आपल्याला भीती वाटत राहते आणि तरी आपण पान उलटतो. पुढे रघुनाथराव जातो. यमुना पुन्हा त्याच घराच्या ताब्यात सापडते, आणि शंकरमामंजी तिचे केशवपन बळजबरीने घडवून आणतात. रेनॉल्ड्सच्या कुठल्या तळघरात याहून भयंकर काही असेल असे मला वाटत नाही. आणि हे तळघर वाचणाऱ्याच्या आपल्याच वाड्यातले होते.

काळही ध्यानात घ्या. ही कादंबरी चालू असतानाच, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलीचे संमतीचे वय दहावरून बारावर आले. त्यावरून पुण्यात केवढे रण माजले होते! त्याच दिवसांत घराघरांत यमुनेची गोष्ट आठवड्या-आठवड्याने पुढे सरकत होती. सभेतल्या भाषणाने जे मन बदलत नाही, ते एका मुलीची काळजी लागल्याने हलते. प्रेम आणि उत्कंठा एकत्र आली म्हणजे तिचा असाही उपयोग होतो.

हरिभाऊंनी हीच किमया इतिहासातही करून दाखवली. 'गड आला पण सिंह गेला' ही १९०३ च्या सुमाराची कादंबरी घ्या. शेवट काय होणार हे कादंबरीच्या नावातच सांगून टाकले आहे. शिवाय तानाजीची कथा तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यामुळे महाराष्ट्रात पिढ्यानुपिढ्या ऐकलेली. फेब्रुवारी १६७० मध्ये कोंढाणा घेतला आणि तानाजी पडला, हे कोणाला ठाऊक नाही? म्हणून हरिभाऊंनी गडावर कमलकुमारी नावाची एक रजपूत तरुणी आणून ठेवली. किल्लेदार उदयभानू तिच्याशी बळाने लग्न लावू पाहतो आहे. इकडे रायबाच्या लग्नाची तयारी, तिकडे या नको असलेल्या लग्नाची टांगती तलवार. गड पडणार हे आपल्याला माहीत असते. पण वेळेवर पडणार का, हा घोर लागतो. शिक्षकबंधूंनी वर्गात हे सांगताना एवढे मात्र स्पष्ट करावे की तानाजी आणि उदयभानू इतिहासातले, कमलकुमारी कादंबरीतली. पोरांना दोन्ही आवडू द्यावीत, पण दोन्हींची सरमिसळ होऊ देऊ नये.

पुढची वाटचाल थोडक्यात सांगतो. सिंहगडाच्या कड्यावरून पडून कमरेखाली अधू झालेल्या नाथमाधवांनी अंथरुणावरून कादंबऱ्या लिहिल्या. रेनॉल्ड्सच्या आधाराने लिहिलेली त्यांची 'वीरधवल' (१९१३) कित्येकांनी तहानभूक विसरून वाचली. गो. ना. दातारशास्त्र्यांनी 'कालिकामूर्ती'सारख्या कादंबऱ्यांत विलायती रहस्याला मराठी पेहराव चढवला. मग वाटा फुटल्या. ना. सी. फडक्यांनी प्रेमकथेला कॉलेजात आणि टेनिसच्या मैदानावर नेले, आणि 'प्रतिभासाधन' (१९३१) लिहून कथेच्या तंत्राची चर्चाही केली. बाबूराव अर्नाळकरांनी झुंजार आणि काळापहाड यांच्या जोरावर हजारावर रहस्यकथा लिहिल्या. एकीकडे प्रेम गेले, दुसरीकडे रहस्य. दोघांचा संसार पुष्कळदा वेगळाच राहिला.

जिथे तो एकत्र झाला तिथेही एक खोड वारंवार दिसते. नायिकेला दुष्ट पळवतो, नायक सोडवतो. मधल्या काळात ती बिचारी गाठोड्यासारखी या गडावरून त्या गुहेत हलवली जाते. खुद्द कमलकुमारीच्या वाट्यालाही बरेचसे वाट पाहणेच आले आहे. अशा बाईची काळजी वाचकाला किती दिवस वाटणार? दमयंती बेत रचते, माणसे पाठवते, पारख करते. यमुना स्वतः बोलते. म्हणून त्या दोघी मनात घर करून राहतात.

तेव्हा, श्रोतेहो, आपल्यापैकी कुणाला गोष्ट लिहायची हौस असेल तर त्याने गुपित शोधत लांब जाऊ नये. आधी दोन माणसे अशी उभी करावीत की त्यांचे भले व्हावे असे आपल्याला मनापासून वाटेल. मग त्यांच्यामध्ये जी भिंत आपल्या गावात खरोखर उभी असेल तीच घालावी. पैशाची असो, जातीची असो, वडीलधाऱ्यांच्या हट्टाची असो. पेच आपोआप पडत जातो. आणि शाळामास्तरांना एक विनंती. पोरांच्या दप्तरात एखादी रहस्यकथा सापडली तर ती हिसकावून घेऊ नका. तीच वाचता वाचता त्यांना विचारा, यात तुला कुणाची काळजी वाटली? उत्तर आले तर पुस्तक चांगले आहे. नाही आले, तर पुढच्या खेपेला त्याच्या हाती यमुनेची गोष्ट द्या.