कॉर्डलेस दूरध्वनी : परवाना आणि व्यत्ययाचे नियम (पांढुर्णा-सौसर परिसर)

घरच्या लँडलाइनचा रिसीव्हर आणि त्याचा डबा यांना जोडणारी वायर काढून तिच्या जागी रेडिओ लहरी वापरल्या, की कॉर्डलेस दूरध्वनी होतो. डबा, म्हणजे बेस, एका बाजूने टेलिफोनच्या लाइनीला आणि दुसऱ्या बाजूने विजेच्या सॉकेटला जोडलेला असतो. हातातला हँडसेट आतल्या बॅटरीवर चालतो. बोलणे चालू असताना दोघेही एकाच वेळी लहरी सोडतात आणि झेलतात. बैठकीतल्या तिपाईवर ठेवलेली ही वस्तू कायद्याच्या नजरेत दोन ट्रान्समीटरांची जोडी ठरते. त्यामुळे तिला दोन प्रकारचे नियम लागतात : लाइनीचे एक आणि हवेतल्या लहरींचे दुसरे. ग्राहकाला सहसा पहिलेच ठाऊक असतात, कारण बिल लाइनीचे येते.

पांढुर्णा आणि सौसर हे मध्य प्रदेशातले मराठीभाषक तालुके. 1 नोव्हेंबर 1956 च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला, तेव्हा हा पट्टा सीमेच्या उत्तरेला राहिला. 2023 मध्ये याच दोन तालुक्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. जिल्हा बदलला तरी लँडलाइनचे जुने कोड तेच राहिले : पांढुर्णा 07164, सौसर 07165, म्हणजे छिंदवाड्याच्या 07162 च्या रांगेतले. बाजार, दवाखाना आणि सोयरीक यांसाठी नागपूरकडे पाहणाऱ्या या भागाचे टेलिफोन छिंदवाड्याच्या खात्यावर मोजले गेले. मोबाइल आल्यावर हीच रेघ परवान्यांत उतरली. इथले परवाना क्षेत्र मध्य प्रदेश-छत्तीसगडचे, आणि सीमेपलीकडे लगेच महाराष्ट्र-गोव्याचे. रोमिंगला पैसे पडत होते त्या काळात या गावांतल्या माणसाला आपल्या फोनने कोणता टॉवर धरला आहे यावर नजर ठेवावी लागे.

कॉर्डलेसच्या नियमांना मात्र ही सीमा लागत नाही. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टातल्या केंद्र सूचीत 31 व्या नोंदीत टपाल, तार, टेलिफोन, बिनतारी आणि प्रसारण हे विषय आहेत. त्यामुळे राज्य सरकारला इथे काही म्हणायला जागा नाही. सौसरच्या घरात जो सेट नियमबाह्य, तो सीमेपलीकडच्या सावनेरच्या घरातही नियमबाह्यच. वारंवारतांचे वाटप दूरसंचार विभागाचा बिनतारी नियोजन आणि समन्वय विभाग करतो. 1952 मध्ये स्थापन झालेल्या या विभागाला ‘डब्ल्यूपीसी’ म्हणतात. हवेत कोण काय सोडतो यावर बिनतारी संनियंत्रण संघटना लक्ष ठेवते. देशभर तिची केंद्रे आहेत, आणि या तालुक्यांना सगळ्यांत जवळचे नागपूरला.

कायद्याचा पाया जुना आहे. 1885 च्या भारतीय तार कायद्याच्या कलम 4 ने तारयंत्रणा उभारण्याचा आणि चालवण्याचा हक्क केंद्राकडे राखला. 1933 च्या भारतीय बिनतारी तार कायद्याने पुढचे पाऊल टाकले : कलम 3 प्रमाणे परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसते बाळगणेही गुन्हा. ट्रान्समीटर नसलेल्या यंत्रासाठी दंड पहिल्या वेळी 100 रुपयांपर्यंत, पुढच्या वेळी 250 पर्यंत. ट्रान्समीटर असेल तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. रेडिओचा परवाना पोस्टात जाऊन नवा करून आणल्याची आठवण ज्या पिढीला आहे, तिने हाच कायदा पाळला होता. रेडिओ नुसता ऐकतो आणि कॉर्डलेस बोलतोही. म्हणजे रेडिओचा परवाना काढणाऱ्या घरात परवान्याशिवाय ठेवलेला कॉर्डलेस कागदावर अधिक गंभीर गुन्हा होता. घरात जाऊन कोणी तपासत नसे, हा भाग वेगळा.

यातून सुटका करणारी तरतूद म्हणजे परवान्यातून सूट. कायदा केंद्राला ठराविक यंत्रांना परवान्यातून वगळण्याची मुभा देतो. घरगुती वापराच्या दृष्टीने यातली सर्वांत महत्त्वाची अधिसूचना जानेवारी 2005 ची, 2.4 ते 2.4835 गिगाहर्ट्झ या पट्ट्याची. वाय-फाय, ब्लूटूथ आणि बरेचसे कॉर्डलेस फोन याच 83.5 मेगाहर्ट्झमध्ये दाटीवाटीने बसलेले आहेत. सूट अर्थातच अटींवर आहे. ट्रान्समीटरची शक्ती 1 वॅट, अँटेनासह बाहेर पडणारी शक्ती 4 वॅट ही कमाल मर्यादा. अँटेना इमारतीच्या छतापासून 5 मीटरपेक्षा उंच नेता येत नाही. यंत्राचा नमुना मान्यताप्राप्त असला पाहिजे. घरातला कॉर्डलेस वॅटची मर्यादा कधी गाठत नाही, तो तिच्या एका लहानशा अंशावर चालतो. मर्यादा मोडतात ते पल्ला वाढवायला बाहेरून अँटेना लावणारे आणि लांब पल्ल्याचे सेट आणणारे. घरून शेतापर्यंत काही किलोमीटर पोचतील असे सांगून विकले जाणारे सेट कॉर्डलेस म्हणून विकले जातात खरे, पण ते या सवलतीत बसत नाहीत आणि त्यांना परवाना लागतो.

या नियमांतले खरे कलम व्यत्ययाचे आहे. सूट मिळालेले यंत्र तीन अटींवर चालते : दुसऱ्याला व्यत्यय आणायचा नाही, दुसऱ्याकडून व्यत्यय आला तर संरक्षण मागायचे नाही, आणि पट्टा सर्वांसोबत वाटून घ्यायचा. परवानाधारकाने, म्हणजे मोबाइल कंपनी, पोलिसांचा बिनतारी विभाग, रेल्वे अशांपैकी कोणी, आपल्या यंत्रणेला या यंत्रामुळे हानिकारक व्यत्यय येतो असे कळवले, तर वापरणाऱ्याने आधी यंत्राची जागा बदलायची, शक्ती कमी करायची, वेगळ्या प्रकारची अँटेना लावायची. तरीही व्यत्यय थांबला नाही तर यंत्र बंद करायचे. अमेरिकेत संघीय संचार आयोगाच्या नियमावलीच्या भाग 15 मध्येही हाच विचार आहे : व्यत्यय आणू नये, आलेला सोसावा. तिथे हे वाक्य सेटवर छापणे बंधनकारक आहे, आणि तिथून आलेल्या सेटांवर ते आपल्याकडेही वाचायला मिळते.

व्यवहारात याचा अर्थ कडक निघतो. शेजाऱ्याच्या वाय-फायमुळे आपला कॉर्डलेस तुटक तुटक ऐकू येत असेल, तर तक्रारीला जागाच नाही, कारण दोघेही सवलतीवर जगणारे आणि हक्क कोणाचाच नाही. मायक्रोवेव्ह ओव्हन सुरू होताच संभाषणात खरखर आली, तर तीही सोसायची. ओव्हन 2.45 गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, आणि त्यातून गळणारी थोडीशी ऊर्जाही हँडसेटला पुरते. उपाय शेवटी घरगुतीच : बेस राउटरपासून दोन-तीन मीटर दूर ठेवणे, राउटरचा चॅनल 1, 6 किंवा 11 यांपैकी सगळ्यांत मोकळा निवडणे, बेस लोखंडी कपाटाच्या आड न ठेवणे. नियमाने हक्क दिला नाही, तेव्हा तडजोड हाच कायदा, आणि खरे तर या एका पट्ट्यात कोट्यवधी यंत्रे निभतात ती यामुळेच.

कॉर्डलेसच्या जुन्या पिढ्यांचा गोंधळ वेगळा होता. अमेरिकेत 1980 च्या दशकात बेसला 46 आणि हँडसेटला 49 मेगाहर्ट्झ असे दहा जोडचॅनल ठरले. ब्रिटनच्या जुन्या सेटांत बेस 1.7 मेगाहर्ट्झच्या आसपास आणि हँडसेट 47 च्या आसपास होता. दोन्ही प्रकार अॅनालॉग. अमेरिकी हँडसेटचे 49.67 ते 49.99 मेगाहर्ट्झ दूरचित्रवाणीच्या जुन्या चॅनल 2 च्या, म्हणजे 47 ते 54 मेगाहर्ट्झच्या, पोटातच पडतात. अशा चॅनलचे क्षीण चित्र पकडायला छतावर अँटेना लावलेल्या घराशेजारी हँडसेट चालू झाला, तर पडद्यावर तिरप्या रेघांची जाळी उमटायची. अॅनालॉग संभाषणाला आणखी एक धोका होता : त्या पट्ट्यात लावलेला साधा रिसीव्हर ते ऐकू शके. शेजारच्या घरचे बोलणे आपल्या हँडसेटवर येणे आणि एकाच्या फोनवरून दुसऱ्याच्या लाइनीवर नंबर फिरवला जाणे हे त्या काळातले खरे प्रकार. बेस आणि हँडसेट यांनी एकमेकांना सांकेतिक क्रमांकाने ओळखावे ही अट नंतर आली ती याच कारणाने. अमेरिकेत 1986 च्या गोपनीयता कायद्याने कॉर्डलेसच्या लहरींना संरक्षण दिले नव्हते, ते 1994 मध्ये आले. भारतात तार कायद्याने संदेश अडवून त्यातला मजकूर जाणून घेण्याच्या प्रयत्नाला आधीच शिक्षा ठेवली होती, आणि टेलिफोनवरील संभाषण खाजगीपणाच्या हक्कात येते हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1996 मध्ये पीयूसीएल खटल्यात स्पष्ट केले.

सर्वांत जास्त घोटाळा परदेशातून आणलेल्या सेटांनी केला. परदेशी स्थायिक झालेला मुलगा येताना आईवडिलांसाठी कॉर्डलेस आणतो. मराठी घरांत ही भेट नेहमीची, आणि त्यात कोणाचा वाईट हेतू नसतो. पण आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने रेडिओच्या कामासाठी जगाचे तीन प्रदेश केले आहेत. अमेरिका प्रदेश 2 मध्ये येते आणि भारत प्रदेश 3 मध्ये. 902 ते 928 मेगाहर्ट्झ हा मुक्त वापराचा पट्टा फक्त प्रदेश 2 चा. भारतात 890 ते 915 मेगाहर्ट्झवर जीएसएम मोबाइल टॉवरशी बोलतो. म्हणजे अमेरिकेत बिनपरवाना चालणारा 900 मेगाहर्ट्झचा कॉर्डलेस इथे थेट टॉवरच्या कानात ओरडू शकतो. टॉवर दूरच्या क्षीण मोबाइलचे ऐकायला बसलेला असतो, त्यामुळे जवळचा लहानसा ट्रान्समीटरही त्याला बधिर करतो. डेक्ट या डिजिटल कॉर्डलेस पद्धतीच्या, ‘डेक्ट 6.0’ असे लिहिलेल्या अमेरिकी सेटांची गोष्ट तशीच. त्यांचा पट्टा 1920 ते 1930 मेगाहर्ट्झ, आणि 2100 मेगाहर्ट्झच्या मोबाइल पट्ट्यात फोनकडून टॉवरकडे जाणारी लहर 1920 ते 1980 मध्ये असते. युरोपातला डेक्ट 1880 ते 1900 मेगाहर्ट्झवर चालतो. भारतात तो पट्टा मद्रासच्या आयआयटीत अशोक झुनझुनवाला यांच्या गटाने विकसित केलेल्या कॉरडेक्टसारख्या यंत्रणांसाठी राखला गेला होता. त्यामुळे लंडनहून आलेला सेट व्यत्ययाच्या दृष्टीने कमी त्रासदायक असला, तरी 2.4 गिगाहर्ट्झच्या सवलतीत तोही बसत नाही. अमेरिकी सेटचा अॅडॅप्टर 120 व्होल्टचा असेल तर आपल्या 230 व्होल्टवर तो धुरासह निकामी होतो. अनेक घरांत नियमभंग टळला तो असा.

कॉर्डलेससारखाच दिसणारा, पण कायद्याने अगदी वेगळा असा प्रकार म्हणजे डब्ल्यूएलएल (वायरलेस लोकल लूप). तार टाकणे परवडत नाही अशा गावांत कंपनी टॉवरवरून घरच्या फोनला जोडते. तिथे वारंवारता कंपनीच्या परवान्याची असते आणि व्यत्ययापासून संरक्षणही कंपनीला मिळते. 2001 पासून या फोनला मर्यादित फिरण्याची मुभा मिळाली, ती एका कमी अंतराच्या आकारणी क्षेत्रापुरती. सौसर (07165) आणि पांढुर्णा (07164) ही दोन वेगळी क्षेत्रे असल्याने, त्या नियमाप्रमाणे सौसरचा असा फोन पांढुर्ण्याच्या बाजारात मुका व्हायला हवा होता. 2003 मध्ये एकत्रित परवान्याची पद्धत आल्यावर ही अडचण मिटली.

लाइनीच्या बाजूचे नियम थोडक्यात. एकेकाळी फोनचे यंत्र खात्याचेच असे. आता ग्राहक स्वतःचे यंत्र लावतो, म्हणून ते लाइनीला इजा करणार नाही याची चाचणी लागते. दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राची सक्तीची चाचणी आणि प्रमाणन योजना 2017 च्या नियमदुरुस्तीतून आली, आणि ऑक्टोबर 2019 पासून दोन तारांची टेलिफोन उपकरणे तिच्या पहिल्या टप्प्यात आली. ब्रॉडबँड असलेल्या जुन्या तांब्याच्या लाइनीवर बेस स्प्लिटरशिवाय जोडला, तर बोलताना शीळ ऐकू येते आणि इंटरनेट तुटते. आवाज 300 ते 3400 हर्ट्झमध्ये असतो आणि एडीएसएल, म्हणजे तांब्यावरचे ब्रॉडबँड, त्याच्या वरच्या भागात. मधे चाळणी नसली की दोघे एकमेकांत मिसळतात. हा व्यत्यय तारेतला, हवेतला नाही, आणि लाइनमनला बोलावण्याआधी तपासायची पहिली गोष्ट हीच. तपासण्याची रीत सोपी : कॉर्डलेस काढून साधा तारेचा फोन त्याच जागी लावायचा. खरखर राहिली तर दोष लाइनीचा, आणि बीएसएनएलच्या 198 वर तक्रार करता येते. खरखर गेली तर दोष घरातल्या लहरींचा, आणि त्याची तक्रार घेणारे कार्यालय कोणतेच नाही.

2023 च्या दूरसंचार कायद्याने 1885 आणि 1933 या दोन्ही कायद्यांची जागा घ्यायची आहे. त्याची कलमे टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. 26 जून 2024 आणि 5 जुलै 2024 हे त्यातले पहिले दोन टप्पे. दूरसंचार अडवणारी यंत्रे, म्हणजे जॅमर, परवानगीशिवाय वापरण्यावरची बंदी या दुसऱ्या टप्प्यात लागू झाली. फायबरची जोडणी घेतलेल्या घरांत आता बेस भिंतीतल्या तारेऐवजी कंपनीच्या मोडेमच्या टेलिफोन सॉकेटला लावतात. लाइन बदलली, तरी बेस आणि हँडसेट यांच्यामधल्या हवेला 2.4 गिगाहर्ट्झच्या त्याच अटी लागू राहतात.