विषादावरील उपचार : शोधाचा आणि वाटपाचा इतिहास



रोगाचा इतिहास सांगताना आपण बहुधा शोधांचाच इतिहास सांगतो. अमक्याने अमक्या साली औषध शोधले, एवढे सांगितले की विषय संपला असे वाटते. माझ्या मते तो अर्धाच इतिहास होय. शोधलेले औषध गरजवंताच्या दारी केव्हा पोचले, हा उरलेला अर्धा. विषाद, म्हणजे ज्याला आज सर्रास डिप्रेशन म्हणतात, त्या रोगाचे हे दोन्ही अर्धे आज आपणांपुढे मांडावयाचे आहेत.

प्रथम रोग कशाला म्हणावे ते पाहू. घरात मृत्यू झाला, पीक बुडाले, म्हणजे माणूस खिन्न होतो. तो रोग नव्हे. परंतु कशातच गोडी न वाटणे, झोप व भूक उडणे, अंगात त्राण नसणे, आपण कुचकामी आहो असे वाटणे, ही लक्षणे दोन आठवडे वा अधिक टिकली आणि नित्याची कामे होईनाशी झाली, म्हणजे तो रोग समजावा. आपल्याकडचा माणूस मनाचे दुखणे बोलून दाखवीत नाही. तो म्हणतो, अंग दुखते, डोके जड झाले, जिवाला चैन नाही. म्हणून शक्तीच्या सुया घेतल्या जातात आणि मूळ रोग तसाच राहतो.

या दुखण्याची ओळख आपल्याला नवी नाही. रोग बळावविणाऱ्या गोष्टींत चरकसंहितेने विषादास अग्रस्थान दिले आहे. उपचाराचे मार्ग तिने तीन सांगितले : दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय, म्हणजे देवधर्म, औषध-आहार आणि मनाचा निग्रह. खेड्यापाड्यांत पुढे पहिल्याच मार्गाचा बोलबाला राहिला.

इंग्रजी अमदानीत मनोरुग्णालये आली. ठाण्याचे १९०१ सालचे. १९१२ च्या कायद्याचा सारा रोख रोग्यास बंदोबस्तात ठेवण्यावर होता. चालत्याबोलत्या, पण आतून खचलेल्या माणसाला तेथे जागा नव्हती. मराठवाडा तर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी राज्यात. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, तेव्हा ठाणे, येरवडा, रत्नागिरी व नागपूर येथे मनोरुग्णालये होती. मराठवाड्यात एकही नव्हते.

आता शोधांकडे वळू. १९३८ साली रोममध्ये चेर्लेत्ती व बिनी यांनी विजेच्या झटक्याचा उपचार प्रथम केला. याचे नाव काढताच लोक भितात, परंतु भूल देऊन नीट केलेला हा उपचार अतितीव्र विषादात आजही फार गुणकारी आहे. १९५२ साली न्यूयॉर्कच्या क्षय-रुग्णालयात इप्रोनियाझिड हे औषध देताना रोगी उल्हसित होऊ लागले, आणि १९५७ पर्यंत ते विषादावर वापरले जाऊ लागले. क्षय हा श्रमिकांचा रोग; त्यांच्या खाटांवर हा शोध लागला, हे विसरू नये. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये रोलांड कुन यांना इमिप्रामिनचा गुण दिसला.

यात मुंबईचाही वाटा आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण जगापुढे मांडला. तिच्यातून काढलेल्या रिसर्पिनने काही रोगी खिन्न झाल्याचे आढळले, आणि मेंदूतील रसायनांशी विषादाचा संबंध असावा हा तर्क बळावला. तो तर्क पुढे अपुरा ठरला, पण संशोधनाला त्याने दिशा दिली. १९८७ साली अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला मान्यता मिळाली. या गोळ्या पहिल्याच दिवशी लागू पडत नाहीत. दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरे वाटल्यावरही निदान सहा महिने, डॉक्टरच्या सल्ल्यानेच, चालू ठेवाव्या लागतात. चार दिवसांत गुण नाही म्हणून गोळी टाकणारे फार.

संभाषणाचा उपचारही याच काळात वाढला. एलिस व बेक यांनी अमेरिकेत विचार तपासून पाहण्याची पद्धत घडविली. एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत आणली. चरकाच्या सत्त्वावजयाशी तिचे नाते जुळते.

आता दुसरा अर्धा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून लोक निजले असता, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे गेली. घरे पुन्हा बांधली गेली. मागे राहिलेल्यांच्या मनाचे काय, हा प्रश्न आपल्या भागात प्रथमच शास्त्रीय पाहणीचा विषय झाला. नांदेडला १९८८ साली आणि लातूरला २००२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील विषादग्रस्तांपैकी सुमारे ८५ टक्के उपचाराविना आढळले.

डॉक्टर थोडे, रोगी फार. मग करावे काय? याचे उत्तर आपल्या शेजारीच मिळाले. गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, वैद्यकीय पदवी नसलेल्या साध्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका घेतल्या. रोग्याने दिवसाची छोटी छोटी कामे ठरवून ती पुन्हा सुरू करावी, हा त्यांचा गाभा. २०१७ साली निष्कर्ष आले : तीन महिन्यांनी त्यांच्याकडील ६४ टक्के रोगी सावरले, नुसत्या नेहमीच्या उपचारावरील ३९ टक्के. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत गावकऱ्यांतूनच कार्यकर्ते उभे केले, तेव्हा उपचारास जाणाऱ्या विषादग्रस्तांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

कायदाही बदलला. २०१७ च्या कायद्याने मानसिक उपचार हा हक्क ठरविला, आणि भूल न देता विजेचा झटका देण्यास मनाई केली. राज्य कामगार विमा योजनेने दीर्घ आजारांच्या यादीत विषादाच्या एका प्रकाराला स्थान दिले; त्यामुळे विमाधारकास रजेच्या काळात वेतनाचा काही भाग मिळू शकतो. किती कामगारांना हे ठाऊक आहे? आणि शेतमजुराला तर ही योजनाच लागू नाही. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या टेलिफोनवर मोफत सल्ला मिळतो. जीव नकोसा झालेल्याने, किंवा त्याच्या घरच्यांनी, तो क्षणाचाही विलंब न लावता फिरवावा.

काही कार्यकर्ते म्हणतात, हा कर्जाचा आणि बेकारीचा परिणाम. कर्ज फेडा, गोळ्या कशाला? प्रश्न रास्त आहे, पण अर्धा आहे. ओल्या भिंतीमुळे न्यूमोनिया झाला, तर भिंतही दुरुस्त करावी लागते आणि रोग्याला औषधही द्यावे लागते. भिंत सुधारेपर्यंत रोगी वाट पाहू शकत नाही. उलट गोळी देऊन भिंतीचा विसर पाडणारेही तितकेच चुकतात. भाव, पाणी, रोजगार आणि उपचार या चार मागण्या एकाच निवेदनात लिहिल्या पाहिजेत.

सारांश, विषादावर उपचार नाही ही समजूत निदान सत्तर वर्षे जुनी झाली आहे. उपचार आहे, तो नांदेड-लातूरच्या प्रत्येक गावी पोचविणे हे काम राहिले आहे. आणि ते केवळ डॉक्टरांचे नाही, हेच गोव्याने आणि अमरावतीने दाखविले.