स्विस गुप्ततेची लाडकी गोष्ट आणि तारखांचा हिशेब

ऑफशोअर बँकिंग म्हटलं की आपल्याला लगेच काळा पैसा आठवतो. व्याख्या खरं तर साधी आहे: माणूस राहतो एका देशात आणि त्याचं खातं असतं दुसऱ्या देशातल्या बँकेत. यात मुळात बेकायदेशीर काही नाही. आजच्या नियमांनुसार भारतात राहणारी व्यक्तीही एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवू शकते. परदेशातलं खातं आयकर विवरणपत्रात दाखवलं म्हणजे झालं.

मग लोक पैसे बाहेर का ठेवतात? १९२३ च्या नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी जर्मन मार्क मोजावे लागत होते. फ्रेंच फ्रँकची किंमत १९२८ साली अधिकृतपणे ठरली ती १९१४ च्या जेमतेम एक-पंचमांश. अशा वेळी ज्याने बचत स्विस फ्रँकमध्ये ठेवली, त्याची पुंजी वाचली. हा फायदा खरा आहे, तो नाकारू नका. पण त्याच खात्यात महायुद्धानंतर वाढलेले कर चुकवणाराही बसलेला होता, आणि बाहेरून दोघं सारखेच दिसतात. या विषयाची खरी गोम इथंच आहे.

आता ती लाडकी गोष्ट. तुम्ही कुठे ना कुठे वाचली असेलच: नाझींच्या हेरांपासून ज्यू खातेदारांना वाचवण्यासाठी स्वित्झर्लंडने १९३४ साली बँक गुप्ततेचा कायदा केला. ऐकायला छान वाटते. पण आपण संशोधक म्हणून काय करायचं? तारखा शेजारी शेजारी मांडायच्या.

ऑक्टोबर १९३२ मध्ये पॅरिसच्या पोलिसांनी बास्लर हांडेल्सबँक या स्विस बँकेच्या तिथल्या कारभारावर छापा घातला. हाती लागली कर चुकवणाऱ्या फ्रेंच ग्राहकांची यादी. त्यात सिनेटर होते, सेनापती होते, बिशपसुद्धा होते! नोव्हेंबरात फाबियाँ आल्बेर्ताँ या खासदाराने प्रकरण संसदेत मांडलं. ग्राहक घाबरले. आधीच मंदीने खिळखिळ्या झालेल्या स्विस बँकांना हा धक्का परवडणारा नव्हता. हिटलर सत्तेवर आला ३० जानेवारी १९३३ ला, आणि बँक कायद्याच्या फेब्रुवारी १९३३ च्या मसुद्यात गुप्ततेचं कलम आधीच होतं. नाझींच्या छळाला उत्तर म्हणून ते लिहिलं गेलं म्हणावं, तर मधे वेळच उरत नाही. ८ नोव्हेंबर १९३४ ला कायदा संमत झाला. गुप्तता पूर्वीही पाळली जात होती. ४७ व्या कलमाने ती फोडणं हा फौजदारी गुन्हा ठरवला, एवढाच फरक. पण तो मोठा फरक होता.

मग गोष्ट आली कुठून? सेबास्तियाँ गेक्स या इतिहासकाराने तिचा माग काढला तो श्वाइत्सरिश क्रेडिटान्श्टाल्ट या बँकेच्या १९६६ च्या वार्तापत्रापर्यंत. म्हणजे कायद्यानंतर बत्तीस वर्षांनी, आणि तेही खुद्द बँकेकडून. (आतल्या गोटाचा पुरावा वाचताना तो कोणी छापला हे आधी बघा, बाकीचं नंतर.)

खातेदारांपैकी काही ज्यू होते आणि गुप्ततेने त्यांतल्या कुणाला आधार दिलाच नसेल असं मी म्हणत नाही. कायद्याचा परिणाम आणि कायद्यामागचा हेतू या वेगळ्या गोष्टी आहेत; प्रबंधात त्यांची गल्लत फार होते. आणि परिणामाची दुसरी बाजूही आहे. युद्धानंतर छळछावण्यांत मेलेल्यांचे वारस खात्यांची चौकशी करायला आले, तेव्हा त्यांच्याकडे मृत्यूचे दाखले मागितले गेले, गुप्ततेकडे बोट दाखवलं गेलं. छावणीतून दाखला कोण देणार होतं? शेवटी ऑगस्ट १९९८ मध्ये दोन मोठ्या स्विस बँकांनी १२५ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. त्यांतली एक होती क्रेडिट स्विस, म्हणजे ते वार्तापत्र काढणारीच बँक, नव्या नावाने.