मुखाचे आरोग्य आणि सर्वांगाचे आरोग्य



मुखमार्जन केल्यावाचून देवघरात पाऊल टाकू नये, ही शिस्त आपल्या घरांतून पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. तरीही मुखातील रोगांविषयी आपण बरेच उदासीन असतो. 'दाढ दुखू लागली की पाहू' असे म्हणून आपण तो विषय लांबणीवर टाकतो. वस्तुतः दाढ दुखू लागते तेव्हा कीड खोलवर पोहोचलेली असते, आणि हिरड्यांचा रोग तर कित्येक वर्षे वेदनेशिवाय वाढत राहतो. मुखाची हेळसांड मधुमेह, हृदय व फुप्फुसे यांनाही कशी बाधते, याची माहिती प्रस्तुत लेखात आम्ही संक्षेपाने देत आहोत.

प्राचीन ग्रंथांतील विचार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दंतधावन दिवसातून दोन वेळा करावे, त्यासाठी तुरट, तिखट वा कडू रसाची काडी वापरावी आणि हिरड्यांस इजा होऊ देऊ नये, असे सांगितले आहे. जिभेवरील मळ काढण्यासाठी सोने, चांदी, तांबे आदी धातूंच्या जिभल्यांचाही तेथे निर्देश आहे. सुश्रुतसंहितेत दातवणाची काडी बारा अंगुळे लांब व करंगळीएवढी जाड असावी, असे वर्णन आढळते. दोन वेळा स्वच्छता आणि हिरड्यांची जपणूक, हे दोन्ही नियम आजचे दंतवैद्यही सांगतात.

हिरड्यांतून रक्त का येते?

दातांच्या मुळाशी बोटाने चाचपले असता जो चिकट, पांढरट थर लागतो तो मुख्यतः जंतूंचा असतो. इ. स. १६८३ मध्ये हॉलंडमधील लेव्हेनहूक यांनी स्वतःच्या दातांवरील असा थर सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यातील हालणाऱ्या जीवांचे वर्णन लिहून ठेवले. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्या असलेल्या काही व्यक्तींनी दात घासणे थांबविले, तेव्हा दहा ते एकवीस दिवसांत त्या सर्वांच्या हिरड्यांना सूज आली. घासणे पुन्हा सुरू करताच हिरड्या पूर्ववत झाल्या.

यातून घेण्याजोगा बोध महत्त्वाचा आहे. रक्त येते म्हणून अनेकजण त्या जागी घासणेच सोडून देतात. त्यामुळे थर वाढतो, तो कठीण होऊन त्याचे कीटण बनते आणि सूज हळूहळू दातांना धरून ठेवणाऱ्या हाडापर्यंत जाते. झिजलेले हाड सहसा भरून येत नाही आणि अखेर दात हलू लागतात. म्हणून रक्त येत असल्यास मऊ ब्रशाने हलक्या हाताने घासणे चालू ठेवावे व दंतवैद्यांकडून कीटण काढून घ्यावे.

मधुमेह

मधुमेह व हिरड्यांचा रोग यांचा संबंध दुहेरी आहे. रक्तातील साखर वाढलेली असल्यास जंतूंशी लढण्याची शक्ती मंदावते व हिरड्या लवकर बिघडतात. उलटपक्षी हिरड्यांतील सततच्या दाहामुळे इन्सुलिनचे कार्य अडते व साखर आवाक्यात राहत नाही. हिरड्यांवर योग्य उपचार केल्यास तीन-चार महिन्यांनी 'एचबीए१सी' या तपासणीतील आकडा सरासरी सुमारे ०.४ टक्के अंकांनी उतरतो, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसले आहे. हा उपचार औषधाची जागा घेत नाही, परंतु त्याला मोलाची साथ देतो. मधुमेही व्यक्तींनी डोळे व पाय यांच्याप्रमाणे हिरड्यांचीही वर्षातून एकदा तरी तपासणी करून घ्यावी.

हृदय

हिरड्यांना सूज असताना जंतू रक्तात शिरू शकतात. निरोगी शरीर त्यांचा त्वरित नाश करते. परंतु हृदयाची झडप सदोष वा कृत्रिम असल्यास ते तेथे ठाण मांडून प्राणघातक रोग निर्माण करू शकतात. लहानपणी सांधेतापामुळे झडप बिघडलेल्या व्यक्ती आपल्याकडे कमी नाहीत. अशांनी दात काढण्यापूर्वी आपला पूर्वेतिहास दंतवैद्यांस अवश्य सांगावा. आधी प्रतिजैविक घ्यावे किंवा नाही, हे डॉक्टर ठरवतील.

हिरड्यांचा रोग असलेल्यांत हृदयविकाराचे प्रमाणही अधिक आढळते. मात्र हिरड्यांच्या उपचाराने हृदयविकाराचा झटका टळतो, असे सिद्ध झालेले नाही. तसा दावा करून कोणी चूर्ण वा पेस्ट विकत असल्यास भाविकांनी सावध राहावे.

वृद्ध व अंथरुणास खिळलेले रुग्ण

गिळण्याची शक्ती क्षीण झालेल्या वृद्धांच्या मुखातील जंतू लाळेबरोबर फुप्फुसांत उतरतात व न्यूमोनिया होतो. जपानमधील ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षे झालेल्या अभ्यासात, ज्यांचे मुख प्रत्येक जेवणानंतर स्वच्छ केले गेले त्यांच्यात न्यूमोनियाचे प्रमाण कमी आढळले. घरातील आजी-आजोबांचे मुख रोज स्वच्छ करणे ही प्रत्यक्ष प्राणरक्षणाची सेवा आहे. त्यांची कवळी रात्री काढून, घासून स्वच्छ पाण्यात ठेवावी.

मशेरीचा घातक प्रघात

महाराष्ट्रात व लगतच्या भागांत मशेरीने, म्हणजे भाजलेल्या तंबाखूच्या भुकटीने, दात घासण्याची सवय विशेषतः स्त्रियांमध्ये आहे. हे दंतमंजन नव्हे, तंबाखूचे सेवन आहे, आणि तंबाखूमुळे मुखाचा कर्करोग होतो. मुंबईतील गर्भवती स्त्रियांचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. धूरविरहित तंबाखू, त्यातही बहुतांशी मशेरी, वापरणाऱ्या मातांच्या बालकांचे वजन त्यात सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखू घालण्यास भारतात १९९२ पासून बंदी आहे. परंतु घरी भाजलेल्या मशेरीस आपणच आवर घातला पाहिजे. राखुंडी, कोळसा व विटेची भुकटी यांनीही दातांचे कवच झिजते.

एक गैरसमज

वरची दाढ काढल्यास दृष्टी जाते, या भीतीने कित्येक वृद्ध सडलेली दाढ तशीच बाळगतात. दाढ काढल्याने दृष्टी जात नाही. उलट दाढेतील पू पसरून जबड्याखाली सूज आल्यास आणि गिळण्यास वा श्वास घेण्यास त्रास होऊ लागल्यास जिवावर बेतू शकते; अशा वेळी क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

नित्य पाळावयाचे नियम

१. सकाळी व रात्री निजण्यापूर्वी मऊ ब्रश व फ्लोराइडयुक्त पेस्टने दोन मिनिटे दात घासावेत. रात्रीचे घासणे कधीही चुकवू नये, कारण झोपेत लाळ कमी स्रवते.
२. दातांमधील फटी धाग्याने वा बारीक ब्रशाने स्वच्छ कराव्यात.
३. तीन वर्षांखालील बालकास तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे.
४. गोड पदार्थ दिवसभर थोडे थोडे खाणे अधिक हानिकारक असते, कारण प्रत्येक वेळी मुखात नव्याने आम्ल तयार होते. पेढा, साखरफुटाणे वा पंचामृताचा प्रसाद घेतल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी.
५. तंबाखू, गुटखा व सुपारी वर्ज्य करावी.
६. दोन आठवड्यांत बरी न होणारी मुखातील जखम, पांढरा वा लाल चट्टा, तसेच तोंड कमी उघडणे, ही लक्षणे दिसताच डॉक्टरांस दाखवावे.

यांपैकी बहुतेक नियमांस पैशापेक्षा सातत्य अधिक लागते. हिरड्यांतून रक्त येणे किरकोळ न मानता प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातील ज्येष्ठ, मधुमेही व गर्भवती यांच्याकडे आजच लक्ष पुरवावे, अशी आमची नम्र विनंती आहे. सर्वांस निरामय दीर्घायुष्य लाभो, हीच प्रार्थना.