शुश्रूषा : शब्दार्थ आणि के. ई. एम. रुग्णालयातील बेचाळीस वर्षे

‘शुश्रूषा’ हा शब्द आज मराठीत रोग्याची सेवा या अर्थी रूढ आहे. त्याची व्युत्पत्ती पाहिली असता तो ‘श्रु’ धातूचे इच्छार्थक रूप असल्याचे दिसते. म्हणजे मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’. ऐकणे, त्यावरून आज्ञा पाळणे आणि त्यावरून सेवा, असा हा अर्थविस्तार आहे. सेवेच्या आधी ऐकणे येते, हा क्रम परिचर्येच्या इतिहासाकडे पाहताना उपयोगी पडतो.

परिचारकाच्या अंगी उपचारांचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता हे चार गुण असावेत, असे चरकसंहितेत सांगितले आहे. आधुनिक काळात व्हर्जिनिया हेंडरसन यांनी रोग्याच्या मूलभूत गरजा चौदा बाबींत मांडल्या. श्वसन, अन्नपाणी, मलमूत्रविसर्जन, हालचाल, झोप अशा क्रमाने जाणाऱ्या या यादीत आपल्या भावना, गरजा व भीती इतरांस कळविणे ही दहावी बाब आहे. परंतु ही दहावी बाबच नाहीशी झाली, तर उरलेल्या तेरा कशा ओळखावयाच्या ?

या प्रश्नाचे सर्वांत दीर्घ उदाहरण मुंबईतच घडले. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 रोजी तेथील एका कामगाराने अत्याचार केला. गळा आवळला गेल्याने मेंदूस प्राणवायू मिळाला नाही व त्यांची वाचा कायमची गेली. 18 मे 2015 रोजी मृत्यू येईपर्यंत त्याच रुग्णालयातील परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली.

2009 मध्ये लेखिका पिंकी विराणी यांनी अन्न देणे थांबविण्याची परवानगी मागणारा अर्ज सर्वोच्च न्यायालयात केला. रुग्णेस कसलेही भान नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. उलट रुग्णालयाचे प्राध्यापक डॉ. अमर पाझरे यांनी सांगितले की, रुग्ण अन्न स्वीकारते, चेहऱ्याने प्रतिसाद देते आणि मलमूत्रविसर्जनाची गरज भासल्यास आवाज काढते; परिचारिका तो ओळखून तिला शौचालयात नेतात. न्यायालयाने नेमलेल्या तीन तज्ज्ञांनी जानेवारी 2011 मध्ये तपासणी केली. कायम जडावस्थेचे बहुतेक निकष येथे लागू पडतात, असा त्यांचा निष्कर्ष होता.

वरकरणी ही दोन मते परस्परविरोधी वाटतात. तथापि त्यांचे विषय भिन्न आहेत. तज्ज्ञांनी रुग्णेच्या जाणिवेचे मोजमाप केले. परिचारिकांनी तिच्या खुणांचा कोश तयार केला होता. खूण अर्थपूर्ण ठरण्यास ती करणाऱ्याचा हेतू सिद्ध व्हावाच लागतो, असे नाही. धुरावरून अग्नीचे अनुमान करताना धुराचा हेतू कोणी विचारीत नाही. विशिष्ट आवाजानंतर विशिष्ट गरज वारंवार आढळली, की अनुमानास आधार मिळतो. इतक्या वर्षांत अंगावर एकही शय्याव्रण झाला नाही, हे रुग्णालयाचे निवेदन त्या वाचनाची व दक्षतेची कसोटीच होय.

मात्र या वाचनास मर्यादा आहेत. शरीराची गरज परिणामावरून पडताळता येते. आवडनिवड तितकी निश्चित सांगता येत नाही. अमुक पदार्थाने चेहरा खुलला, या म्हणण्यात पाहणाऱ्याचा अनुरागही मिसळलेला असतो. आणि जगण्याची इच्छा तर अशा खुणांवरून मुळीच सिद्ध होत नाही. चरकाने सांगितलेला अनुराग जेथे दृष्टी तीक्ष्ण करतो, तेथेच तो तिला फसवूही शकतो.

7 मार्च 2011 च्या निर्णयात न्यायालयाने तो अर्ज फेटाळला; ठरावीक अटींवर व उच्च न्यायालयाच्या संमतीने जीवनरक्षक उपचार काढून घेण्याची वाट मात्र तत्त्वतः मोकळी केली. रुग्णेच्या वतीने निर्णय मागण्याचा अधिकार विराणींकडे नसून के. ई. एम. च्या सेवकवर्गाकडे आहे, असेही ठरविले. हा अधिकार त्यांना रुग्णेचे मन उलगडले म्हणून मिळाला नाही. रात्रंदिवस तिच्याजवळ राहून तिचा भार वाहिला म्हणून मिळाला.

म्हणून गरजांची यादी हे परिचर्येचे व्याकरण मानावे. व्याकरण आवश्यक आहेच. परंतु भाषा येते ती सहवासाने. जो रोगी बोलू शकत नाही, त्याच्याविषयीही ऐकण्याची इच्छा टिकविणे, आणि ऐकू आले त्याहून अधिक त्याच्या तोंडी न घालणे, ही दोन्ही पथ्ये पाळली जातात तेथेच ‘शुश्रूषा’ हा शब्द आपल्या धातूशी प्रामाणिक राहतो.