घोड्याची चंदी

आमची नालवाडी वर्ध्याला लागून आहे. आता तर शहरातच मिसळून गेली. गावाचं नाव निघालं की लोक विनोबांची आठवण काढतात, कारण 1932 साली ते इथं राहायला आले अन् 1938 मध्ये पवनारला जाईपर्यंत इथंच होते. दुसरं नाव निघते ते चर्मालयाचं. आपल्या मौतीनं मेलेल्या ढोरांचं कातडं तिथं कमावत. मेलेल्या जनावराच्या कातड्याचा इतिहास असा लिहिला गेला, जित्या जनावराच्या पोटाचा मात्र राहून गेला. म्हणून टांग्याच्या घोड्याविषयी लिहितो.

1936 मध्ये गांधीजी शेगावात राहायला गेले, त्याच शेगावचं पुढं सेवाग्राम झालं. तेव्हापासून वर्धा स्टेशनावर उतरणाऱ्या पाहुण्यांना तिकडे न्यायचं काम टांग्यानं अन् बैलबंडीनं केलं. माझ्या लहानपणीही स्टेशनाबाहेर टांग्यांची रांग लागे. माझे मोठेबाबा टांगा हाकायचे. आमच्या घरी एकाच कोठ्यात बैलजोडी अन् घोडा बांधलेले असत, पण दोघांचं खाणं मोठेबाबा कधी एक होऊ देत नसत.

"घोड्याले ढोर समजू नको," ते म्हणत. "बैल पोटात भरून घेते अन् सावकाश बसून रवंथ करते. घोड्याले दुसरी संधी नाही. जे गिळलं ते गिळलं."

पुढं पशुवैद्याशी बोलल्यावर या बोलण्यातलं शास्त्र कळलं. बैलाच्या पोटाचा पहिला कप्पाच शंभर लिटरच्या वर असतो. घोड्याचं जठर दहा-पंधरा लिटरचं. चारा खरा पचतो तो मागच्या मोठ्या आतड्यात. शिवाय घोड्याला उलटी होत नाही. एकदम पोटभर दाणा घातला तर पोट फुगते, शूळ उठते अन् घोडा गडबडा लोळतो. जास्तीचा दाणा मागच्या आतड्यात जाऊन आंबला तर खुरांत दाह होतो अन् घोडा पाय टेकत नाही. म्हणून थोडं थोडं, दिवसातून चार वेळा. तीनेक क्विंटलच्या घोड्याला चारा-दाणा मिळून सहा-सात किलो कोरडं खाणं लागते. त्यात वैरण जास्त, दाणा कमी. काम जास्त त्या दिवशी दाणा थोडा वाढवायचा, घोडा उभा असला की कमी करायचा.

दाण्याच्या या खुराकाला चंदी म्हणतात. मोठेबाबा रात्री चना भिजवत अन् सकाळी तोबऱ्यात घालून घोड्याच्या तोंडाला बांधत. आधी पाणी, मग थोडी वैरण, मग चंदी, हा क्रम ठरलेला. खाल्ल्याबरोबर टांगा जुंपायचा नाही, अन् घामाघूम घोड्याला एकदम पाणी दाखवायचं नाही. सरकी अन् ढेप बैलांची. भंडाऱ्याकडची लाखोळी चन्यापेक्षा स्वस्त पडे, पण तिला ते हात लावत नसत. रोज लाखोळी खाणाऱ्या घोड्याचे मागचे पाय लुळे पडतात, धावताना घशातून घरघर निघते. गरिबीत माणसांनीही ती खाल्ली अन् त्यांचेही पाय गेले. वाचवलेले चार पैसे पायांतून वसूल होतात, असं ते म्हणत.

आता थोडं मागं जाऊ. चंदी हा शब्द मराठी लष्कराच्या हिशेबातला. बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा घरचा, पण खाणार दोघंही रयतेच्याच शेतातलं. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमाराला चिपळूणकडच्या लष्कराच्या अंमलदारांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. साठवलेला दाणा-गवत आताच उधळून खाऊ घालाल तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी मरतील अन् ती तुम्हीच मारली असं होईल, असं त्यांनी बजावलं. मग तुम्ही कुणब्याच्या घरचं धान्य, गवत, भाजी उचलू लागाल अन् त्याला मोगल बरे वाटतील, हेही लिहिलं. गवताच्या गंजीला आग लागू नये म्हणून दिवा विझवायची ताकीदसुद्धा त्यात आहे. मला हे पत्र शेतकऱ्याचं वाटते. गंजी किती दिवस पुरेल हे ज्याला मोजता येते, तोच असं लिहितो.

ही मोजणी चुकली की काय होते ते पानिपतानं दाखवलं. 14 जानेवारी 1761 च्या लढाईआधी रसद तुटली होती अन् माणसांबरोबर घोडीही उपाशी होती. आमच्या नागपूरकर भोसल्यांच्या फौजा 1742 पासून बंगालवर गेल्या. एवढ्या दूर घरची वैरण कुठली जाणार? वाटेतल्या गावांनीच घोडी पोसली. बारगिरावरून 'बर्गी' शब्द झाला अन् तिकडच्या आया त्याचं भय घालून लेकरं निजवू लागल्या. आपल्याला शौर्य वाटते ते दुसऱ्याच्या गंजीवर चाललेलं असू शकते, हे शेतकऱ्यानं तरी विसरू नये.

टांगा ऑटोमुळे गेला असं सगळे म्हणतात. ते खरंच आहे, पण अर्धंच. आमच्या शिवारात आधी ज्वारी होती, म्हणून घराघरांत कडबा होता. मग पऱ्हाटी वाढली, सोयाबीन आलं अन् ज्वारी मागं पडली. सोयाबीनचं कुटार घोड्याच्या कामाचं नाही अन् पऱ्हाटीची तर फक्त चूल पेटते. वैरण विकत, चना विकत, अन् भाडं तेवढंच. मोठेबाबांनी घोडा विकला तेव्हा रस्त्यावर गिऱ्हाईक होतं, कोठ्यात कडबा नव्हता.

आता तीच पाळी बैलांवर आली आहे. ट्रॅक्टर आला म्हणून बैल गेले, असं पुढं कोणी लिहील. त्यानं त्या वर्षी किती धुऱ्यांच्या आत ज्वारी उभी होती, तेही पाहावं.