जातिभेद, नोकरीतील : सिद्धता

नेमणूक, बढती वा बडतर्फी यांत जन्मावरून केलेला पक्षपात न्यायासनापुढे शाबीत करण्याची रीत. पाश्चात्त्य देशांत असे कज्जे मुख्यतः वंशभेदाचे असतात, महाराष्ट्रात बहुधा जातिभेदाचे. सरकारी सेवेपुरते मात्र संविधानाच्या अनुच्छेद १६ ने दोन्ही भेद एकत्रच निषिद्ध ठरविले आहेत.

पूर्वी पुराव्याची वाण नव्हती. मुंबईच्या कापडगिरण्यांत तुटलेला धागा थुंकीने ओला करून सांधावा लागे, या सबबीवर अस्पृश्य मजुरांना अधिक मजुरीच्या विणकामखात्यात उघडउघड मज्जाव असे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हे गाऱ्हाणे मांडले तेव्हा झगडा ती रूढी मोडण्याचा होता, ती अस्तित्वात आहे हे पटविण्याचा नव्हे. आज हुकुमावर ‘काम असमाधानकारक’ एवढाच शेरा असतो.

हेतू मनात दडलेला असल्यामुळे कायद्याने गृहीतकांचा आश्रय घेतला. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडलेले, त्या अधिनियमाखाली अपराध ठरणारे कृत्य, विरुद्ध शाबीत होईतो, अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले असे मानले जाते. अत्याचार प्रतिबंधक अधिनियमात २०१६ पासून अशीही तरतूद आहे की, आरोपीस पीडिताची वा त्याच्या कुटुंबाची वैयक्तिक माहिती असल्यास त्याला जातही ठाऊक होती असे समजावे. नातेपुते (ता. माळशिरस, जि. सोलापूर) येथल्यासारख्या पालखीमार्गावरील बाजारगावी, जेथे राहण्याची आळी कळली की पुढची चौकशी खुंटते, तेथे ही तरतूद पुष्कळ अंशी वस्तुस्थितीचीच नोंद होय. तथापि जात ठाऊक असणे निराळे आणि जातीमुळे डावलणे निराळे.

औद्योगिक कज्ज्यांत वाट वेगळी आहे. साखर कारखान्यातील हंगामी कामगारास वगळून त्याच्या मागाहून लागलेल्यांस कायम केले, तर गुणवत्ता न पाहता केलेला पक्षपात ही १९७१ च्या महाराष्ट्र अधिनियमाने चौथ्या अनुसूचीत अनुचित कामगार प्रथा ठरविली असून तक्रारीची मुदत सामान्यतः नव्वद दिवसांची ठेविली आहे. येथे हजेरीपत्रक व ज्येष्ठता यादी शेजारी ठेवली की निम्मे काम होते. जातीचा हेतू सिद्ध करावाच लागत नाही. व्यवहारतः हाच मार्ग सुकर, परंतु त्याने दाद मिळाली तरी खऱ्या तक्रारीचे नाव निकालपत्रात उतरत नाही, हे त्याचे वैगुण्य लहान नव्हे.

इंग्लंडच्या २०१० च्या समता अधिनियमात भेदाचे अनुमान निघण्याजोगी वस्तुस्थिती कामगाराने मांडताच सिद्धिभार मालकावर जातो. खाजगी नोकरीसाठी असा सर्वसाधारण नियम भारतात नाही. त्यामुळे सिद्धिभार कामगारावरच राहतो, आणि साक्षीस बोलवावयाचे सहकारीही त्याच मालकाचे पगारदार असतात.